सलग वाट

विरार पूर्वेकडून महामार्गाला मिळणारा रस्ता चंदनसारवरून जातो. पुढे कणेर, मग शिरसाड. तिथून डावीकडे अहमदाबाद, उजवीकडे मुंबई आणि समोर अंबाडी-वज्रेश्वरीची वाट. साहजिकच या रस्त्याला दोन कामं करावी लागतात. ट्रक, पाण्याचे टँकर, एसटी आणि शेअर रिक्षा यांना तो पुढे पोचवतो, आणि त्याच रस्त्यावर लोकांची शाळा, भाजी, दवाखाना आणि स्टेशनची घाईही असते. अशा रस्त्यावर पदपथ असला तरी पुष्कळ माणसं डांबराच्या कडेनेच चालताना दिसतात. ते पाहून गाडीत बसलेला माणूस म्हणतो, लोकांना शिस्त नाही. मला हे मत अजिबात पटत नाही.

चालणारा माणूस नेहमी सलग वाट निवडतो. रुंद, सुंदर किंवा नवी वाट त्याला मिळाली तर आवडेलच, पण निवड करताना त्याचं पाऊल एकच गोष्ट पाहतं: पुढची पन्नास पावलं न थांबता, न उतरता, न वळता टाकता येतील का. डांबर सलग असतं, म्हणून तो डांबरावर उतरतो. मागून टँकर येतोय हे त्याला कळत असतं, तरीही तो उतरतो. तेव्हा पदपथ कसा असावा या प्रश्नाचं माझं उत्तर सोपं आहे. रस्त्यावरचा सर्वांत सलग पृष्ठभाग पदपथाचा असावा. हे बोलायला सोपं आहे, पण पाळायला बसलं की एकेक गाठ लागत जाते. त्या गाठी सावकाश सोडवायला हव्यात.

पहिली गाठ पाण्याची आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पदपथ असा स्वतंत्र बांधला जात नाही. रस्त्याच्या कडेने पावसाळी पाणी नेणारं काँक्रीटचं गटार बांधतात, त्यावर स्लॅबची झाकणं टाकतात, झाकणांवर किंवा त्यांच्या बाजूला पेव्हर ब्लॉक बसवतात, आणि तोच पदपथ होतो. त्यात मुळात काही वाईट नाही. जागा कमी असेल तर तीच जागा दोन कामांना वापरणं शहाणपणाचं आहे. पण मग पदपथाची उंची कोण ठरवतं ते पाहा. ती गटार ठरवतं. वसई-विरारची जमीन पूर्वेला जीवदानीच्या डोंगराकडून आणि तुंगारेश्वरच्या रांगेकडून उतरते आणि पश्चिमेला खाजणांत सपाट होऊन जाते. उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची. भरतीच्या वेळी पाऊस पडला की पाणी बाहेर पडायला तयार नसतं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्यानंतर वसई-विरार महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून पुराच्या कारणांचा अभ्यास करून घेतला. अशा जमिनीत गटार खोल नेता येत नाही, कारण ज्या नाल्यात ते सोडायचं त्याचा तळच फार खाली नसतो. मग गटाराच्या भिंती वर चढवल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर झाकण चढतं, झाकणाबरोबर पदपथ.

इकडे रस्ताही स्वस्थ बसलेला नसतो. खड्डे बुजवण्यासाठी जुन्या डांबरावर नवा थर पडतो. जुना थर खरवडून काढला तर पातळी तीच राहते. न खरवडता टाकला तर दर खेपेला रस्ता इंच-दोन इंच वर येतो. काही वर्षांनी रस्ता गटारापेक्षा उंच होतो, पाणी दुकानांत शिरतं, आणि पुढच्या गटाराचा आराखडा आणखी वरच्या पातळीवर काढला जातो. रस्ता आणि गटार यांच्या या चढाओढीत पदपथ कधी गुडघ्याएवढा उंच होतो, कधी रस्त्याखाली जातो. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्ये पादचाऱ्यांच्या सोयींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत पदपथाच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं सांगितलं आहे. म्हणजे जेमतेम सहा इंच. घरातल्या जिन्याची साधारण एक पायरी. त्याहून उंच पदपथावर गुडघे दुखणारी बाई चढत नाही, बाबागाडी चढत नाही, व्हीलचेअरचा तर प्रश्नच नाही. म्हणून चांगल्या पदपथाची सुरुवात फरशीच्या रंगापासून होत नाही. ती रस्ता, गटार आणि उंबरे या तिन्हींची पातळी एकाच कागदावर मांडण्यापासून होते, आणि रस्त्याचा पुढचा थर जुना खरवडूनच पडेल अशी अट कंत्राटात घालण्यापासून. हे काम दिसत नाही. त्याचं उद्घाटन करता येत नाही. पण याशिवाय वर जे काही बसवाल ते चार-पाच पावसाळ्यांत वाकडं होणार.

दुसरी गाठ फाटकांची. इमारतीच्या फाटकातून मोटार बाहेर पडावी म्हणून पदपथ तेवढ्यापुरता कापून रस्त्याच्या पातळीला आणतात. पुढच्या इमारतीला पुन्हा तेच. दाट वस्तीत दर वीस-पंचवीस पावलांवर एक फाटक असतं, म्हणजे चालणाऱ्याने दर वीस-पंचवीस पावलांना उतरायचं आणि चढायचं. शंभर मीटरच्या पदपथाची अनेक तुकड्यांत विभागणी होते, आणि कागदावर मात्र त्याची लांबी शंभर मीटरच राहते. मला वाटतं, आपल्या छोट्या शहरांतले निम्मे पदपथ इथेच मरतात. उपाय मात्र जुना आणि माहीत असलेला आहे: पदपथाने आपली पातळी सोडायची नाही, गाडीने चढायचं. कडेला अर्ध्या मीटरचा छोटा उतार दिला की गाडी त्यावरून पदपथावर चढते, तो ओलांडते आणि आत जाते. गाडीला इंजिन आहे. तिला सहा इंच चढण्याचे कष्ट नाहीत. नेदरलँड्समध्ये गल्लीच्या तोंडालाही हेच करतात. मुख्य रस्त्याचा पदपथ गल्लीवरून तसाच, त्याच फरशीत, त्याच उंचीवर पुढे जातो, आणि गल्लीत वळणाऱ्या गाडीला आपण कुणाच्या तरी अंगणातून जातो आहोत असं वाटून वेग आपोआप कमी होतो. त्यासाठी पाटी लागत नाही की पोलीस लागत नाही.

गल्लीचं तोंड चंदनसारसारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाचं आहे. मनवेलपाडा, फुलपाडा, गोपचरपाडा, भाटपाडा ही आसपासची नावंच सांगतात की हा भाग पाड्यांतून वाढला. पाड्यापाड्यांच्या वाटा बैलगाडीच्या मापाच्या होत्या. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली, तेव्हा तिला गाठायला येणारे बांधावरूनच चालत आले असतील. पुढे त्याच वाटांच्या दोन्ही अंगांना चार मजली इमारती उभ्या राहिल्या. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनासाठी सिडको हे राज्याचं नगरनियोजन महामंडळ आलं, २००७ मध्ये विकास आराखडा मंजूर झाला, २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. आराखडा यायच्या आधीच घरं आलेली होती. त्यामुळे मुख्य रस्त्याला थोडी तरी रुंदी आहे, पण आतल्या गल्ल्यांना नाही, आणि सगळे चालणारे आतल्या गल्ल्यांतूनच येतात.

म्हणून इथे मुख्य रस्ता आणि गल्ली यांत ठामपणे फरक करायला हवा. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर प्रशस्त पदपथ बांधले. झाडं तशीच ठेवून, बसायला जागा करून. ते पाहायला आपल्या अभियंत्यांनी जरूर जावं. पण तो रस्ता मुळातच रुंद. चंदनसारच्या आतल्या गल्लीत तसं करायला गेलं तर दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटांची पट्टी निघेल, तिच्यात विजेचा खांब उभा असेल, आणि ती पट्टी फक्त दुचाक्या लावायच्या कामाला येईल. इतक्या अरुंद जागी वेगळा पदपथ नसलेलाच बरा. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या ऐंशी-एक हजार वस्तीच्या शहराने १९९९ पासून जुन्या भागातल्या गल्ल्यांत हा मार्ग धरला. कडा काढून टाकल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच पातळी केली, बाहेरून आरपार जाणाऱ्या गाड्यांना वाट बंद केली, आणि राहिलेल्या गाड्यांना चालणाऱ्यांच्या गतीने जायला लावलं. त्या शहराने एक नकाशाही काढला आहे, मेट्रोच्या नकाशासारखा; त्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत किती मिनिटं लागतात हे दाखवलं आहे. गल्लीत सलगपणा असाही मिळतो: सगळी गल्लीच पदपथ.

मुख्य रस्त्यावर मात्र पदपथ हवाच, आणि त्याला माप आहे. त्याच २०१२ च्या तत्त्वांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातील एवढी. मोकळी हा शब्द इथे महत्त्वाचा. खांब, विजेची डीपी, झाड, कचऱ्याचा डबा, दुकानाची पायरी आणि जाहिरातीचा फलक हे सगळं वगळून उरलेली रुंदी मोजायची. अडीच मीटरच्या पदपथात मधोमध खांब असेल तर चालणाऱ्यासाठी तो एक मीटरचा पदपथ आहे. फुटक्या पाइपाने पाणी पोचत नाही, बाकीचा पाइप कितीही धड असो. पदपथाचंही तसंच आहे. त्याची योग्यता त्याच्या सर्वांत अरुंद आणि सर्वांत मोडक्या जागेवरून ठरते. म्हणून खांब, झाडं, बाकं यांची एक पट्टी रस्त्याच्या बाजूला ओळीने घ्यायची, दुकानाच्या पायऱ्यांसाठी थोडी जागा आतल्या बाजूला सोडायची, आणि मधली वाट एका रेषेत मोकळी ठेवायची.

इथे फेरीवाल्यांचा विषय निघतोच, आणि बहुतेक चर्चा इथेच भरकटते. भाजीवाली पदपथावर बसते कारण माणसं तिथून जातात, आणि माणसं तिथून जातात याचं एक कारण भाजीवालीही आहे. संध्याकाळी उशिरा लोकलमधून उतरून घरी जाणाऱ्या बाईला उजेड आणि वर्दळ असलेली वाट लागते. टपरी आणि हातगाडी त्या वाटेला सोबत देतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद केली आहे आणि त्यासाठी नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. ती समिती आणि पदपथाचा आराखडा एकाच टेबलावर आले तर कडेच्या पट्टीत खांबांच्या मधल्या जागा हातगाड्यांना देता येतात आणि मधली वाट मोकळी राहते. फेरीवाल्यांना हटवून पदपथ रिकामा केला, तर महिन्याभरात तिथे दुचाक्या उभ्या राहतात. दुचाकी भाजी विकत नाही आणि कुणाला सोबतही देत नाही.

हे सगळं कुणाच्या मेहेरबानीचं नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य, अडथळामुक्त पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं आणि ते पदपथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत असं बजावलं. जगण्याचा हक्क हे शब्द इथे अक्षरशः घ्यावे लागतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ चालत होती. जवळजवळ पाचांतला एक. त्यांतल्या किती जणांनी पदपथ तुटला म्हणून डांबरावर पाऊल टाकलं असेल, हा विचार मला सोडत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? महापालिकेची 'सी' प्रभाग समिती चंदनसारची आहे. तिला माझं सुचवणं एवढंच, की दहा रस्त्यांवर थोडे-थोडे पदपथ करू नयेत. एकच वाट घ्यावी, जिथून रोज सर्वांत जास्त माणसं स्टेशनकडे चालतात, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरी करावी: प्रत्येक फाटक, प्रत्येक गल्लीचं तोंड, रस्ता ओलांडायची प्रत्येक जागा धरून. पाऊण किलोमीटर सलग झालेली वाट लोक वापरतील. पाच किलोमीटरचे तुकडे वापरणार नाहीत. आणि ती आखताना पाणी, वीज, गॅस आणि इंटरनेटवाल्यांना आधी बोलावून त्यांच्या नळ्या एकदाच कडेच्या पट्टीखाली घालून घ्याव्यात, म्हणजे नवी फरशी सहा महिन्यांत खणावी लागणार नाही. दृष्टिहीनांसाठी स्पर्शपट्ट्या घालायच्या तर त्याही सलग घालाव्यात. खांबाला नेऊन भिडवणारी पट्टी नसलेली परवडली.

शेवटची गाठ मे महिन्यातली आहे, आणि ती आराखड्यात कुणी धरत नाही. पावसाआधी नालेसफाई होते. गटारांची झाकणं पहारीने उचकटली जातात, गाळ काढून तिथेच वाळत टाकला जातो, आणि मग झाकणं घाईघाईने परत बसवली जातात. एखादं तिरकं, एखादं फुटलेलं, एखादं गायब. म्हणजे जो पदपथ गटारावर आहे तो दर वर्षी ठरवून मोडला जातो. नालेसफाई टाळता येणार नाही, टाळूही नये. पण प्रत्येक झाकण सुटं काढायची गरज नाही. ठरावीक अंतरावर कडी असलेली, दोन माणसांना उचलता येतील अशी सफाईची झाकणं ठेवली आणि मधला भाग पक्का केला, तर गाळही निघतो आणि पातळीही मोडत नाही. आणि सफाईच्या कंत्राटात एक कलम हवं: गाळ उचलून, झाकणं पूर्वीच्या पातळीला बसवून, त्या वाटेवरून प्रभागाच्या अभियंत्याने कुणा म्हाताऱ्या माणसाला आणि एका व्हीलचेअरला सोबत घेऊन टोकापासून टोकापर्यंत चालून पाहिल्यावरच बिल मंजूर होईल. तारीख सात जूनच्या आतली.