आदर आणि प्रामाण्य: सोलापूरच्या परंपरेतला पिढ्यांचा प्रश्न

पिढ्यांमधल्या वादात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. वडीलधाऱ्यांचा मान राखायचा का, हा एक; आणि वडीलधारे म्हणतात ते खरं मानायचं का, हा दुसरा. पहिला आदराचा, दुसरा प्रामाण्याचा. घरात मात्र दोन्हींचं एकच गाठोडं होतं. मुलाने वडिलांचं म्हणणं खोडलं की त्याने त्यांचा अपमान केला असं धरलं जातं. आणि वडिलांची मतं पटत नाहीत एवढ्यावरून मुलगा त्यांच्या औषधपाण्याकडेही पाठ फिरवतो. ही गल्लत झाली की समोरचा माणूस दिसेनासा होतो, त्याचं वय तेवढं दिसतं. मग एका बाजूने ‘आजकालची पोरं’ आणि ‘लहान तोंडी मोठा घास’, तर दुसऱ्या बाजूने ‘साठी बुद्धी नाठी’ अशी तयार वाक्यं पुढे येतात.

वयाबरोबर ज्ञान येतंच, असं धर्मशास्त्रानेही मानलेलं नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अंगिरसाच्या लहानग्या मुलाची गोष्ट आहे. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना शिकवताना तो त्यांना ‘बाळांनो’ म्हणाला. ते चिडून देवांकडे गेले. देवांनी निकाल मुलाच्या बाजूने दिला: अज्ञानी तो बाळ आणि शिकवणारा तो पिता. केस पिकल्याने कोणी वृद्ध ठरत नाही, हा विचार तिथेच येतो आणि धम्मपदातही थेर कोणाला म्हणावं हे सांगताना येतो. पण त्याच अध्यायात एक भेद आहे, आणि तो नजरेआड करणं योग्य नाही. ब्राह्मणांत ज्येष्ठपण ज्ञानाने, क्षत्रियांत पराक्रमाने, वैश्यांत धनधान्याने ठरतं. शूद्रांत मात्र केवळ वयाने. ज्यांना ज्ञानाचा अधिकारच नाकारला, त्यांच्याकडे मोठेपणाचं माप म्हणून वय तेवढं उरलं. वयाची सत्ता आणि ज्ञानबंदी यांचं नातं इतकं उघडपणे क्वचितच कुठे मांडलेलं असेल.

कठोपनिषदातला नचिकेता या प्रश्नाला अधिक खोलात नेतो. वडील यज्ञात दान म्हणून ज्या गाई देतात, त्यांचं दूध आटलेलं आहे. मुलाला हे खटकतं. मला कोणाला देणार, असं तो पुन्हा पुन्हा विचारतो आणि रागाच्या भरात वडील त्याला मृत्यूला देऊन टाकतात. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी काढल्यावर त्याला तीन वर मिळतात. पहिला वर तो वडिलांसाठी मागतो: त्यांचा राग शांत व्हावा, मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखून प्रेमाने जवळ करावं. आपला प्रश्न चुकला, असं मात्र तो कुठेही म्हणत नाही. बापाचं दान खोटं होतं हे त्याचं मत कायम आहे, आणि बापाच्या मनाला शांती मिळावी ही इच्छाही तितकीच खरी आहे. आत्मज्ञानाचा प्रश्न तिसऱ्या वरात येतो. त्याआधी बापाशी असलेला दुरावा मिटवणं या मुलाला आवश्यक वाटलं.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, यांच्या चरित्रात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने येते. राघवांकाच्या कन्नड ‘सिद्धराम चरित्रे’तून आणि लोककथेतून जो सिद्धराम दिसतो, तो लहानपणी अबोल आणि घरच्यांच्या लेखी मंद आहे, म्हणून त्याच्याकडे गुरं राखण्याचं काम. शेतात एक जंगम येऊन हुरडा मागतो, मग दहीभात मागतो. पोर धावत घरी जाऊन आई सुग्गलादेवीकडून दहीभात घेऊन येतं, तोवर जंगम निघून गेलेला असतो. त्याच्या शोधात हे मूल थेट श्रीशैलापर्यंत जातं. ज्याला घराने अडाणी ठरवलं, त्याच्या नावाने पुढे गावाची ओळख झाली.

परंपरेने हा धडा सिद्धरामांनाही पुन्हा शिकवला आहे. त्यांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळं खोदवलं, मंदिरं बांधली, त्यांची कीर्ती झाली. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथाच्या परंपरेत शिवयोगी अल्लमप्रभू तिथे येतात आणि या साऱ्या कामाने अंतर्यामी काय साधलं, असं रोखठोक विचारतात. सिद्धराम आधी संतापतात, मग विचारात पडतात आणि कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, जातात. तिथे त्यांना दीक्षा मिळते ती बसवण्णांच्या भाच्याकडून, तरुण चन्नबसवण्णांकडून. नाव झालेला, गाव उभं केलेला पुरुष एका तरुणापुढे शिष्य म्हणून बसतो आणि त्याची प्रतिष्ठा तिळभर कमी होत नाही. मराठी वाचकाला इथे चांगदेव आणि त्यांची लहानगी गुरू मुक्ताबाई आठवतील. ज्ञानाने मोठं ठरण्याची मनुस्मृतीने काहींपुरतीच ठेवलेली मुभा बसवण्णांच्या परंपरेतल्या शरणांनी आणि वारकऱ्यांनी सगळ्यांना खुली केली. कुंभार, चांभार, स्त्रिया, कोणीही गुरू होऊ शकले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप याच जिल्ह्यातला आहे. पंढरपूरचा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, म्हणून दारात आलेल्या देवाला त्याने विटेवर थांबवलं. देवालाही थांबावं लागतं इतकी मोठी सेवा जिथे सांगितली आहे, तिथे वडिलांच्या शब्दाबाहेर जाण्याला जागा कुठे राहते? पण कथा नीट पाहिली तर तिच्यात सेवा आहे, मान्यता नाही. पुंडलिकाच्या आईवडिलांची मतं काय होती, ती त्याला पटत होती का, याचा कथेत उल्लेखच येत नाही. ते म्हातारे आहेत, थकले आहेत, आणि या पोराने त्यांना आधी फार छळलेलं आहे. सेवेला एवढं कारण पुरेसं आहे.

विसाव्या शतकात हा भेद एका माणसाने त्याच पंढरपुरात जगून दाखवला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. मातृभक्तीचं याहून परिचित पुस्तक मराठीत नाही. त्याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषण केलं. पिढ्यान्‌पिढ्या वाडवडिलांनी पाळलेली रीत चुकीची आहे, हे त्यांनी प्राण पणाला लावून सांगितलं, आणि मंदिराचे दरवाजे उघडले. आईच्या आठवणीने डोळे भरून येणारा माणूस आणि पूर्वजांची चूक बोलून दाखवणारा माणूस एकच होता; त्यात विसंगती शोधावी लागत नाही.

साचेबंद समजुतींचा दुसरा उगम काळाच्या गोंधळात आहे. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ च्या निबंधात दाखवलं की पिढी केवळ जन्मसालाने घडत नाही. ऐन तारुण्यात कोणते प्रसंग वाट्याला आले, त्यांतून ती घडते. तरीही वयाचे गुण पिढीच्या माथी मारले जातात. सोलापूरच्या पूर्व भागात, दाजी पेठेपासून साखर पेठेपर्यंत, ‘ही पोरं पुण्याला पळतात, त्यांना मुळं नाहीत’ हे वाक्य पद्मशाली घरांत सहज ऐकू येतं. पण याच घरांचे पूर्वज कामाच्या शोधात तेलंगणातून, आपलं गाव आणि भाषेचा मुलूख मागे टाकून, सोलापुरात आले. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, आणखी गिरण्या आल्या, हातमाग वाढले. त्या कामाच्या ओढीने तेव्हाच्या विशीतल्या पोरांनी गाव सोडलं. आज त्यांचा पणतू पुण्याजवळच्या हिंजवडीला जातो तेव्हा तो घराण्याची रीत मोडत नाही. उलट बाजूची समजूतही तितकीच पोकळ आहे. म्हाताऱ्यांना बदल नको असतो, असं म्हणणाऱ्याने पाहावं की हातमाग सोडून यंत्रमाग आणला तो आजोबांनी, घरात तेलुगू बोलत बाजारात मराठी शिकली ती आजीने, आणि गिरण्या बंद पडल्यावर पन्नाशीत नवं काम शोधलं तेही त्यांनीच. आणि सोलापूर ज्यांना वडीलधाऱ्यांचा मान देतं, त्या १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या, स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन जेमतेम विशीतले होते. त्यांच्या काळातल्या कितीतरी सावध माणसांना तेही वाया गेलेले तरुण वाटले असणार.

आदराचं मूळ कशात आहे, याचं उत्तर ऋणाच्या कल्पनेत सापडतं. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी म्हणून जन्मतो. पितरांचं ऋण फिटतं ते संततीने. घेतलं मागच्यांकडून आणि फेडलं पुढच्यांकडे, असा हा हिशेब आहे. म्हणून ‘तुला वाढवलं, आता माझं ऐक’ ही मागणी या कल्पनेत बसत नाही. थकलेल्या आईबापांना सांभाळणं मात्र त्याने सुटत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही रेषा तिथेच ओढली आहे. प्रांताधिकारी मुलाला निर्वाहखर्च द्यायला लावू शकतो. मुलाने कोणाशी लग्न करावं, हे ठरवू शकत नाही.

या साऱ्या कथांमध्ये बाप आणि मुलगा फार, आई आणि मुलगी कमी. ती उणीव सोलापूरच्या विडी कामगार बायकांकडे पाहिल्यावर भरून निघते. सुपात तेंदूची पानं घेऊन, कात्रीने बेतून, तंबाखू भरून, दोऱ्याने बांधत दिवसाला हजार विड्यांचा आकडा गाठायचा, ही आजी आणि आई दोघींची रोजची कमाई. त्यातूनच मुलीच्या शाळेची आणि कॉलेजची फी गेली. मुलीने सुपाला हात लावू नये, अशी इच्छा बहुतेक वेळा आईचीच असते. तेव्हा नर्स किंवा शिक्षिका होऊन घराबाहेर पडलेल्या मुलीला परंपरा मोडणारी ठरवणं सरळसरळ अन्यायाचं आहे. पुढे त्या दोघींचं लग्नावरून, देवधर्मावरून, पैशावरून बिनसतं. ते टळणारं नाही. तंबाखूच्या धुळीने खोकणाऱ्या आईला दवाखान्यात नेणं ही मुलीची जबाबदारी त्या भांडणानंतरही तशीच राहते, आणि लग्नाचा निर्णय घेण्याचा मुलीचा अधिकारही दवाखान्याची फेरी झाल्यावर तसाच राहतो.