पुण्याचा विनिमयदर

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री पडेगावच्या रस्त्यावर गाड्यांपेक्षा पायांची वर्दळ जास्त असते. शहरातून निघालेली माणसे छावणी ओलांडून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद करत घाट चढतात आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीला पोचतात. चाल साधारण पंचवीस किलोमीटरची. कुणी अनवाणी, कुणाच्या चपला पिशवीत. कडेला टेबल मांडून कुणी चहा, केळी, पाणी देत असते. एवढे चालून काय मिळते, असे विचारले तर उत्तर एका शब्दाचे असते: पुण्य. किती, हे कुणी सांगत नाही. आपल्या तीर्थमाहात्म्यांना मात्र असला संकोच नाही. तिथे पावलागणिक अश्वमेधाचे फळ मिळते, एका स्नानात हजार गायींच्या दानाचे. हा चक्क विनिमयदर आहे. तो खरा की खोटा, हे ठरवण्याआधी असल्या दराचा अर्थ तरी काय, हे पाहायला हवे. आणि त्यासाठी विमान कंपन्यांचे पॉइंट हाताशी आहेत.

कंपन्या या धंद्यात फार उशिरा उतरल्या. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये प्रवाशांच्या नावावर मैल मांडायला सुरुवात केली. आता कार्डावर किराणा भरणाऱ्याच्याही खात्यात पॉइंट साचतात. एका पॉइंटची किंमत काढणे वरवर सोपे आहे. समजा, ६,००० रुपयांचे तिकीट १०,००० पॉइंट आणि १,२०० रुपये करात मिळते. वाचले ४,८००, म्हणजे पॉइंटला ४८ पैसे. आता समजा, ६०,००० रुपयांची बिझनेस क्लासची खुर्ची ४०,००० पॉइंटांत मिळाली. त्याच पॉइंटचा भाव दीड रुपया झाला आणि गडी खूश. फसगत इथेच आहे. एरवी देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठणारा माणूस त्या खुर्चीसाठी साठ हजार कधीच मोजणार नव्हता. त्याच्या लेखी तिची किंमत तो खिशातून जेवढे काढून देता तेवढीच, कदाचित सात-आठ हजार. म्हणजे पॉइंटला स्वतःची अशी किंमत नाही. ती कुणाच्या तरी गरजेतून येते, आणि खर्ची पडेपर्यंत येतच नाही. अश्वमेधाचेही तसेच. ज्याला घोडा सोडायचा नाही की चक्रवर्ती व्हायचे नाही, त्याला शंभर अश्वमेधांचे फळ म्हणजे ती साठ हजारांची खुर्चीच.

शिवाय साठा दुसऱ्याच्या वहीत असतो. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात जमिनीवर आली. तिचे मैल कितीही असोत, बसायला विमानच उरले नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिचे पॉइंट नव्या वहीत चढले. पुनर्जन्मच म्हणायचा, पण त्यासाठी आधी मरावे लागले. आणि वही शाबूत असली तरी शिल्लक संपतेच. नेवासे पडेगावपासून फार लांब नाही. तिथे शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवर टीका केली. गीतेच्या नवव्या अध्यायात स्वर्ग भोगणारे पुण्य सरताच मृत्युलोकी परततात. त्यावर ज्ञानदेवांचा दृष्टांत बोचरा आहे: वेश्येकडे जाणाऱ्याची शेवटची कवडी खर्च झाली की त्याला तिच्या दाराला हातही लावता येत नाही, तशीच यज्ञाच्या बळावर स्वर्गात गेलेल्या दीक्षितांची लाजिरवाणी गत. त्याच ओघात ते स्वर्ग देणाऱ्या पुण्यालाही पापाच्याच पंगतीला बसवतात, कारण ते देवापर्यंत नेत नाही, नुसते फिरवून परत आणते.

यावर मीमांसक हरकत घेतील. पुण्य हा कुणा कंपनीचा वायदा नाही, ते म्हणतील. कर्मातूनच ‘अपूर्व’ नावाची शक्ती उपजते आणि तीच फळ देते, मध्ये देवाचीही मध्यस्थी लागत नाही. मान्य. पण त्याने बुडण्याची भीती जाते, सरण्याची जात नाही. दुसरी हरकत जास्त जड आहे. फळ सांगितलेच नसते तर किती जण घराबाहेर पडले असते? भागवताच्या एकादश स्कंधाने हे मोकळेपणी कबूल केले आहे: फलश्रुती ही गोडी लावण्यासाठी असते, औषध घशाखाली उतरावे म्हणून. युक्तिवाद पटतो, पण मग दराचा आग्रह आपोआप सुटतो. गूळ किती दिला यावरून कुणी औषधाचा गुण मोजत नाही. अडचण होते ती गुळासाठीच वैद्याकडे जाणाऱ्याची. पॉइंटांचेही असे होते. काम नसताना केवळ वर्षअखेरीची पायरी गाठायला माणसे विमानात बसतात, आणि प्रवास कशासाठी हे कंपनी ठरवू लागते.

त्याच एकादश स्कंधावर १५७३ मध्ये काशीत टीका पूर्ण करणारे एकनाथ पैठणचे. गंगेच्या पाण्याची कावड रामेश्वराला वाहायला निघालेल्या नाथांनी ती वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट मराठी माणसाला पाठ असते. ती भूतदयेची म्हणून सांगतात. मला ती हिशेबाचीही वाटते. रामेश्वराला पाण्याचा तोटा नव्हता असे नाही म्हणत मी. देवाला तहानच नव्हती. गाढवाला होती. तेच पाणी, पण भाव त्या वाटेत लागला. कुणी म्हणेल, मग नाथांना रामेश्वराचे पुण्य दुप्पट मिळाले. हा पुन्हा वहीकडे जाण्याचा रस्ता आहे, आणि गोष्टीतले नाथ त्या रस्त्याने जात नाहीत.

पडेगावच्या टेबलामागचा माणूस बहुधा जाईल. चालणाऱ्याचे थोडे पुण्य आपल्यालाही लागते, असे तो सांगेल; ओळखीचे गिऱ्हाईक जोडून दिले की मिळतात तसे पॉइंट. बोलण्यात हिशेब आहेच. पण पहाटे गर्दी ओसरल्यावर पातेल्यात चहा उरला, तर ती शिल्लक म्हणून तो घरी नेत नाही. रस्त्यावर उभा राहून मुंबईकडे निघालेल्या ट्रकवाल्याला हात करतो.