एका पंडिताची दोन खंडने

काशीत राहणाऱ्या एका मराठी तरुणाने १८४४-४५च्या सुमारास ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला. ग्रंथ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, लेखक नीलकंठशास्त्री गोऱ्हे, वय जेमतेम वीस. पुढे १४ मार्च १८४८ रोजी याच नीलकंठशास्त्र्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. १८६० साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ निघाला. त्यात खंडन होते ते हिंदू दर्शनांचे. दोन्ही ग्रंथांमागे एकच बुद्धी होती आणि काशीतली एकच तालीम.

अशा लेखकापुढे वाचक गोंधळतो आणि मग दोहोंपैकी एक सोपी वाट धरतो. एवढा मोठा पंडित ख्रिस्ती झाला, म्हणजे ख्रिस्ती मतात तथ्य असलेच पाहिजे, असे एक जण म्हणतो. ज्याने स्वधर्म सोडला त्याच्या लिहिण्याला किंमत काय, असे दुसरा म्हणतो. दोघेही माणसाचा निवाडा करतात. युक्तिवाद तसाच पडून राहतो.

तो उचलून पाहायचा तर वादाच्या मुळाशी जावे लागते. जॉन म्यूर हे कंपनी सरकारचे स्कॉटिश अधिकारी आणि संस्कृतचे जाणकार. त्यांनी १८३९ मध्ये कलकत्त्यात ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ संस्कृत श्लोकांत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. इंग्रजी किंवा देशी भाषेतल्या पुस्तकाकडे पंडितांनी ढुंकूनही पाहिले नसते, हे म्यूर ओळखून होते. खरा धर्म ओळखण्याच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या: धर्मसंस्थापकाचे चमत्कार, शास्त्राचे पावित्र्य आणि त्या धर्माची सर्व मानवजातीसाठी असलेली व्याप्ती. या कसोट्यांवर ख्रिस्ती मत उतरते, हिंदू मत उतरत नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

या ग्रंथाला तीन उत्तरे आली. पहिले ‘सोमनाथ’ या नावाने. हे सोमनाथ म्हणजे सीहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू, असे अभ्यासक मानतात. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे आणि तिसरे गोऱ्ह्यांचे.

म्यूर यांची पहिली खूण तपासायला परके शास्त्र लागत नाही. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त हेत्वाभासांचे, म्हणजे सदोष कारणांचे, जे प्रकार दिले आहेत त्यांतला पहिलाच इथे लागू पडतो: सव्यभिचार. डोंगरावर अग्नी आहे, कारण डोंगर ही जाणता येणारी वस्तू आहे, असे कोणी म्हटले तर ते टिकत नाही. जाणता तर तळेही येते, आणि तळ्यात अग्नी नसतो. जे कारण सिद्ध करायच्या गोष्टीबरोबर आढळते तसेच ती नसते तिथेही आढळते, त्याने काहीच सिद्ध होत नाही. चमत्कारांचे तसेच आहे. पुराणे चमत्कारांनी भरलेली आहेत. चमत्कार हीच खऱ्या धर्माची खूण असेल, तर त्या खुणेने पुराणांतले धर्मही खरे ठरतात. पुराणातले चमत्कार कल्पित आणि बायबलमधले घडलेले, असे म्हणायचे असेल तर त्यासाठी वेगळा पुरावा द्यावा लागेल. मग सगळा भार त्या पुराव्यावर जाईल आणि चमत्काराची खूण निरुपयोगी ठरेल.

गोऱ्ह्यांच्या उत्तरातला सर्वांत बळकट भाग वेगळा आहे. पूर्वजन्म मानला नाही तर जन्मतःच आंधळ्या असलेल्या बालकाचे किंवा मुक्या जनावराचे दुःख कोणत्या अपराधाचे, असा प्रश्न ते विचारतात. मर्यादित आयुष्यातल्या मर्यादित पापासाठी अनंतकाळचा नरक हा न्याय कसा, हा दुसरा प्रश्न. यात कोणाची टवाळी नाही. ईश्वर न्यायी आहे आणि दयाळू आहे, हे प्रतिपक्षाचेच गृहीत धरून त्यातली अडचण त्यांनी दाखवली. ‘न्यायसूत्रे’ चर्चेचे तीन प्रकार सांगतात. सत्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे मत न मांडता केवळ दुसऱ्याचे मोडते ती वितंडा. गोऱ्ह्यांचे हे प्रश्न पहिल्या प्रकारात बसतात.

मात्र याच ग्रंथात एक कच्चा दुवा आहे. मानवी तर्क शास्त्राच्या अधीन आहे, तर्क शास्त्राविरुद्ध गेला तर दोष तर्काचा, अशी भूमिका ते घेतात. वेदांपुरती ती भक्कम वाटते. पण हेच वाक्य मिशनऱ्याने बायबलबद्दल किंवा मौलवीने कुराणाबद्दल उच्चारले, तर त्याला अडवणार कशाने? जे कवच प्रत्येकाच्या अंगावर सारखेच बसते, ते कोणाचाही पक्ष खरा ठरवत नाही. म्यूर यांच्या चमत्कारांत जो दोष, तोच इथे दुसऱ्या रूपात आहे.

सोमनाथांचे उत्तर सर्वांत सौम्य आहे. ईश्वराने निरनिराळ्या लोकांना निरनिराळे मार्ग दिले, ज्याने त्याने आपला पाळावा, हा त्याचा गाभा. आजच्या वाचकाला ते लगेच आवडेल. म्हणूनच त्याचीही परीक्षा तेवढ्याच कसोशीने व्हायला हवी. ज्याला आपल्या जन्माच्या मार्गात अन्याय दिसतो, त्याला या उत्तरात जागा आहे का? ‘तुझा मार्ग तुझ्यासाठी योग्य’ हे वाक्य उच्चवर्णीय पंडिताला दिलासा देते, पण ज्याला मंदिराबाहेर उभे केले आहे त्याच्या पायात ते बेडी घालू शकते.

युक्तिवादाइतकेच मांडणीच्या रूपाकडेही लक्ष हवे. ‘मतपरीक्षे’तला शिष्य विचारून विचारून तेच विचारतो, ज्याचे उत्तर लेखकाजवळ तयार आहे. खरा काशीचा पंडित समोर असता तर त्याने पूर्वजन्माचा प्रश्न काढल्याशिवाय गुरूला पुढे जाऊ दिले नसते. संवादरूप ग्रंथाचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही इथेच आहेत. महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’तही (१८७३) धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. ज्या ग्रंथाशी वाचकाचे मन आधीच जुळलेले असते, तो वाचतानाही न विचारलेले प्रश्न वाचकाने स्वतः विचारायचे असतात. तसे विचारल्याने फुल्यांचा अधिक्षेप होत नाही. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या लेखकाचा मान त्यानेच राखला जातो.

म्यूर यांचे पुढचे काम या दृष्टीने बोलके आहे. १८५८ पासून त्यांनी मूळ संस्कृत वचने आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर एकत्र देणारे पाच खंड सिद्ध केले आणि १८६२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन स्थापन केले. ज्यांनी एकदा शिष्याच्या तोंडी सोयीचे प्रश्न घातले, त्यांनीच पुढे प्रतिपक्षाचे शब्द जसेच्या तसे वाचकापुढे ठेवले.

गोऱ्ह्यांच्या लेखनाने ज्यांचे मन वळले त्यांत पंडिता रमाबाई होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर त्या तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. मत बदलले म्हणून त्यांनी परीक्षा थांबवली नाही. त्या पत्रांत जागरूक वाचक कसा असतो ते दिसते.

१८४८ मध्ये गोऱ्हे ख्रिस्ती झाले म्हणून आंधळ्या बालकाचा प्रश्न खोटा ठरला नाही. ‘षड्दर्शनदर्पण’ धर्मांतरिताने लिहिला म्हणून त्यातली वेदान्तावरची आणि पुनर्जन्मावरची टीकाही आपोआप बाद होत नाही. १८६२ मध्ये फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ मात्र शंभरहून अधिक वर्षे थांबून १९५१ मध्ये उज्जैनला सदाशिव कात्रे यांच्या संपादनाखाली छापला गेला. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. ज्याच्याशी आपले मत जुळते त्याच्यातली फट आधी शोधावी आणि ज्याच्याशी जुळत नाही त्याच्यातला सर्वांत बळकट मुद्दा आधी कागदावर लिहून काढावा.