गुडघा वर्षाने बोलतो

खुर्चीत बसा. पाय जमिनीला टेकलेले, गुडघे काटकोनात. उजवा तळहात उजव्या गुडघ्यावर ठेवा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. तळव्याखाली गोल, जरासं हलणारं हाड लागतं, ती वाटी. तिच्या खालच्या टोकाशी दोन्ही बाजूंना बोटं टेकवलीत तर दोन मऊ खळगे लागतील. दुर्बीण गुडघ्यात शिरते ती बहुतेक वेळा इथूनच. आता पाय हळूहळू उचलून सरळ करा, अगदी पूर्ण सरळ होईपर्यंत. या हालचालीच्या शेवटच्या टप्प्यात नडगीचं हाड किंचित बाहेरच्या बाजूला वळतं आणि सांधा घट्ट बसतो. उभं असताना मांडीचे स्नायू सतत आवळून धरावे लागत नाहीत, ते यामुळे. पाय पुन्हा वाकवताना गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू आधी ते वळण सोडवतो, मग सांधा वाकतो.

दोन-तीनदा करून बघा. वळण डोळ्यांना दिसणार नाही, तळहातालाही कदाचित कळणार नाही. ते घडतंय एवढं लक्षात असू द्या. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा हलत नाही. वाकताना तो घरंगळतो, घसरतो आणि वळतो, आणि हे तिन्ही एकदमच. सुरुवातीच्या काळातले धातूचे कृत्रिम सांधे बिजागरीच्या बेताने केलेले होते. त्यांना वळायला जागाच नव्हती, त्यामुळे सगळा पीळ हाडात जायचा आणि सांधा सैल व्हायचा.

हात तिथेच असू द्या. पुढची काही मिनिटं आपल्याला दुसऱ्या एका माणसाच्या जागी उभं राहायचं आहे.

त्याला इंग्लंडमधल्या इस्पितळात सीनियर नी फेलो म्हणतात, नी म्हणजे गुडघा. ऑर्थोपेडिक्सचं शिक्षण संपलेलं, परीक्षा झालेल्या, हात तयार झालेला. तरीही सहा महिने किंवा वर्षभर तो एका युनिटमध्ये येतो, फक्त गुडघा शिकायला. भारतातून असे बरेच जण जातात. आपला फेलो मिरजेचा आहे असं समजू. गावी असता तर दारावर त्याच्या नावाची पाटी असती. इथे पेशंटच्या खाटेशी नाव असतं कन्सल्टंटचं. फोनवर वडील विचारतात, "अजून शिकणंच चाललंय का रे?" तो "हो, बाबा" म्हणतो, आणि ते खरंच असतं. पण रात्री वॉर्डातून फोन येतो, ज्युनियर डॉक्टर सांगते की सकाळच्या पेशंटची पोटरी सुजली आहे, तेव्हा तिला उत्तर हवं असतं. त्या क्षणी तो शिकणारा नसतो.

या मधल्या जागेवर जरा थांबू. तुमच्याही वाट्याला ती कधीतरी आली असेल: काम पूर्ण येतं, पण शेवटचा शब्द आपला नसतो. बहुतेकांना इथून कधी एकदा पुढे जातो असं होतं. सर्जनने मात्र ही घाई करू नये, असं मला वाटतं. का, ते पुढे येईल.

आता सकाळ आहे. हातात सहज न पुसणारं मार्कर पेन आहे, समोर खाटेवर सत्तरी ओलांडलेल्या बाई, आज त्यांचा गुडघा बदलायचा आहे. त्यांना विचारा, कोणता पाय? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. फॉर्मवर लिहिलेलं आहे, एक्स-रेवर दिसतंय. तरी विचारा आणि ते त्यांच्या तोंडून येऊ द्या. मग बाण काढा, निर्जंतुक चादरी घातल्यानंतरही दिसेल असा.

पेन खिशात ठेवण्याआधी आणखी एक प्रश्न. या गुडघ्याने तुम्हाला काय करायचं आहे?

ऑक्सफर्डमध्ये १९९८ साली गुडघ्याच्या पेशंटसाठी एक प्रश्नावली तयार झाली. तिच्यात १२ प्रश्न आहेत आणि आता ती ४८ गुणांवर मोजतात. रात्री दुखतं का, जिना उतरता येतो का, बाजारहाट स्वतःची स्वतः करता येते का. त्यात एक प्रश्न असा: गुडघे टेकून बसता येतं का, आणि मग उठता येतं का? खाटेवरच्या बाईंना नेमकं तेच हवं आहे. बागेत वाफ्याशी गुडघे टेकून तण काढायचं आहे. मिरजेत हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर आलं असतं की देवापुढे मांडी घालून बसायचंय, नातीच्या लग्नात पंगतीला बसायचंय. गुडघा बदलल्यावर चालण्याचं दुखणं बहुधा जातं. गुडघे टेकणं मात्र अनेकांना नंतरही जमत नाही किंवा नकोसं वाटतं. जमिनीवर मांडी घालायला जेवढं वाकावं लागतं तेवढा नवा गुडघा बऱ्याचदा वाकत नाही. हे ऑपरेशननंतर सांगितलं तर ती सबब होते. आधी सांगितलं तर माणूस स्वतः ठरवू शकतो.

मनासमोर पाच माणसं आणा. पाचांचेही गुडघे बदललेले. टाके नीट भरलेत, एक्स-रे सरळ आहेत, जंतुसंसर्ग नाही. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा साधारण हेच दिसलं आहे की त्यांतला एक जण समाधानी नसतो. बाकीच्या चौघांकडे पाहू नका, ते बरे आहेत. या पाचव्याकडे पाहा. तो भांडत नाही, तक्रार लिहीत नाही. म्हणतो, "डॉक्टर, तसं बरं आहे, पण…" त्या 'पण'पुढे काय येतं ते एक्स-रेत सापडत नाही. काही वेळा सांधा किंचित ताठ असतो, काही वेळा दुखणं मुळात कमरेतून येत असतं. पुष्कळदा त्याने मनात जो गुडघा धरला होता तो त्याला कुणी देऊ केलाच नव्हता, आणि तो मिळणार नाही हे कुणी सांगितलंही नव्हतं. फेलोने रोज ऑपरेशनची लिस्ट सुरू होण्याआधी मनात या माणसाला थोडी जागा करून द्यावी.

आता थिएटर. कापण्याआधी सगळे थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या सुरक्षा-यादीप्रमाणे पेशंटचं नाव, ऑपरेशन, बाजू मोठ्याने म्हटली जाते. रोज ऐकून ऐकून हे शब्द कानांवरून जायला लागतात. आज जाऊ देऊ नका.

त्वचा, मग वाटी बाजूला. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक मोजून कापलं जातं, बहुधा नऊ-दहा मिलिमीटर, म्हणजे निघेल तेवढंच नव्या सांध्याने भरून यावं. करवत चालवणं यातलं सोपं काम. खरं काम पुढे आहे: पाय सरळ असताना दोन हाडांमधली फट आणि वाकवल्यावरची फट सारखी यायला हवी, आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा ताण जुळायला हवा. जास्त घट्ट झालं तर वाकणार नाही, सैल राहिलं तर जिना उतरताना पाय भरवशाचा वाटणार नाही. तुमचा तळहात अजून गुडघ्यावर आहे ना? बाजूला, आतल्या अंगाला, एक चपटा पट्टा आहे, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत गेलेला. त्याचा ताण किती असावा, हे फेलो वर्षभर बोटांनी शिकतो. कन्सल्टंट पलीकडे उभे असतात. कधी एक बोट टेकवतात, "थोडं अजून" म्हणतात, आणि हात मागे घेतात.

आणि आज तुमच्या शेजारी रजिस्ट्रार, म्हणजे अजून शिकत असलेली सर्जन, उभी आहे. हाडाचा एक कट तिला घ्यायचा आहे. करवत तिच्या हातात द्या. तुमचा हात आपोआप पुढे जाईल. त्याला अलीकडेच थांबवा, गरज पडली तर पोहोचेल इतक्या अंतरावर. ती हळू आहे, तुमच्यापेक्षा पुष्कळच हळू. घड्याळ बघू नका. ती कट पूर्ण करेपर्यंत तुमच्या हाताला काही काम नाही, आणि फेलोच्या वर्षातली मला सगळ्यांत अवघड वाटणारी गोष्ट हीच आहे.

मग सिमेंट. पावडर आणि द्रव एकत्र कालवतात. आधी ते हातमोज्यांना चिकटतं, चिकटेनासं झालं की लावायचं, सांधा बसवायचा, बाजूने आलेलं काढून टाकायचं, पाय सरळ करून धरून ठेवायचा. घट्ट होताना ते तापतं. दहा-बारा मिनिटं लागतात, खोली गार असेल तर आणखी. या वेळात कुणालाही काही करता येत नाही. आता हलवलं तर सगळं फुकट. तुम्हीही पाय सरळ धरा आणि श्वास संथ होऊ द्या.

या रिकाम्या मिनिटांत एक जुना फेलो आठवावा. इंग्लंडमध्येच, विगनजवळच्या राइटिंग्टन इस्पितळात जॉन चार्नली यांनी १९६२ पासून खुब्याचा सांधा बदलण्याची पद्धत पक्की केली. जगभरातून सर्जन खुबा शिकायला तिथे जात. कॅनडातल्या विनिपेगचे फ्रँक गन्स्टन असेच तिथे गेले. चहूकडे खुबेच खुबे, आणि हे विचार करत होते गुडघ्याचा. गुडघ्याचा आस एका जागी राहत नाही, वाकताना सरकत जातो, हे धरून त्यांनी १९६८ च्या सुमारास धातू आणि प्लॅस्टिकचा एक सांधा केला आणि तो चार्नलींच्याच सिमेंटने बसवला. बिजागरी सुटली ती तिथे. पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि सहकाऱ्यांनी केलेल्या सांध्यातून आजचे बहुतेक गुडघे आले. त्याच राणावतांनी २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडीत पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला, पुढच्या वर्षी दुसरा. त्या वेळी आपल्याकडच्या पुष्कळ घरांत या ऑपरेशनचं नाव पहिल्यांदा निघालं असेल.

सिमेंट घट्ट झालं. टाके घाला.

दुपारी ओपीडी. पन्नाशीचा एक गृहस्थ दुर्बिणीने गुडघा 'साफ' करून मागतो. एमआरआयमध्ये गुडघ्यातली गादी फाटलेली दिसते, पण सांधाही झिजलेला आहे. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या सर्जननी अशा झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून खरवडून साफ केलं, काहींचा सांधा नुसता धुतला, आणि काहींच्या फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दुखणं सगळ्यांचं सारखंच. हे त्या गृहस्थाला समजावून सांगायला वेळ लागतो, व्यायाम लिहून दिल्यावर त्याचा चेहरा पडतो, आणि बाहेर रांग वाढलेली असते. नाही म्हटल्याबद्दल कुणी मिठाई आणून देत नाही. तरी म्हणायचं.

आता ज्या ठिकाणी यायचं होतं तिथे आलो. फेलोचं वर्ष संपतं. त्याने ज्या बाईंचा गुडघा बदलला त्या सहा आठवड्यांनी त्याला भेटल्या, काठी घेऊन. पण गुडघा काय झाला ते सहा आठवड्यांत कळत नाही. सूज, ताठपणा, रात्रीचं दुखणं ओसरायला महिने जातात, आणि वर्षाने बाई येतील तेव्हा फेलो मिरजेला परतलेला असेल. वाफ्याशी गुडघे टेकता आले का, ते दुसरंच कुणी विचारील. इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पासून बदललेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंद ठेवतात: कोणता सांधा, कुणी बसवला, पुन्हा काढावा लागला का. अशाच नोंदींतून २०१९ मध्ये एक हिशेब आला की शंभरातले सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षं टिकतात. पंचवीस वर्षांनी फेलो स्वतः निवृत्तीला आलेला असेल.

इथे कुणालाही गीता आठवेल. कर्म करावं, फळाची आशा धरू नये. फेलोने हा दिलासा घेऊ नये, असं माझं मत आहे. फळ दिसणार नाही हे खरं, पण त्याची पर्वा सोडली की पाचवा माणूस नजरेआड होतो, बाण काढण्याआधीचा दुसरा प्रश्न विचारायचा राहतो, रजिस्ट्रारच्या हातातली करवत घाईने परत घेतली जाते. दिसणार नाही त्या फळाची काळजी आजच्या कामात घालावी लागते. आणि शेवटचा शब्द आपला नसतो तेव्हाच हे शिकता येतं, कारण तेव्हा पलीकडे उभा असलेला कुणीतरी "थोडं अजून" म्हणत असतो. दारावर पाटी लागली की तसं म्हणणारं फारसं कुणी उरत नाही.

हात गुडघ्यावरून काढलात तरी चालेल. एक विनंती आहे. आपल्याकडे बदललेल्या प्रत्येक गुडघ्याची अशी नोंद होत नाही, आणि दुखायला लागल्याशिवाय माणसं डॉक्टरांकडे परत जात नाहीत. तुमच्या घरात आईचा, काकूंचा, आजोबांचा गुडघा बदललेला असेल तर वर्ष झाल्यावर त्यांना दाखवायला घेऊन जा, दुखत नसलं तरी. सांध्याचे स्टिकर लावलेला कागद फाइलमध्ये असतो, तो जपून ठेवा आणि सोबत न्या. जिना चढता येतो ते सांगा, आणि मांडी घालता येत नसेल तर तेही सांगा.