दंड आणि दंड्य

राजाने दंड केला म्हणजे अपराधी मनुष्य निर्मळ होतो, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. आणि जो राजा अदंड्याला दंड करतो व दंड्याला मोकळा सोडतो तो अपकीर्तीला व नरकाला पात्र होतो, असेही त्याच अध्यायात सांगितले आहे. या दोन वचनांच्या मध्ये जो प्रश्न उभा राहतो, तो कुंडलिकेच्या काठी जुन्या जालन्यात बिऱ्हाड ठेवून रात्री सळईची गाडी घेऊन बाहेर पडणाऱ्या ट्रकचालकाइतका प्रत्यक्ष क्वचितच कोणाला भोगावा लागत असेल: माझ्या हाती जे चलन पडले तो दंड माझा आहे काय, आणि नसेल, तर तो निमूटपणे भरणे हा धर्म की त्याविरुद्ध दाद मागणे हा धर्म?

जालना हे लोखंडाचे गाव. येथे भंगार येते, भट्टीत वितळते आणि सळई होऊन देशभर जाते. हुंडेकऱ्याच्या पेढीवर बिल्टी फाडली जाते आणि गाडी धर्मकाट्यावर चढते. काट्यावरून जी चिठ्ठी मिळते तिच्यावर भरलेले, रिकामे आणि निव्वळ असे तीन आकडे असतात, आणि त्यांतील पहिल्या आकड्यावर चालकाची नजर सर्वांआधी जाते. कारण दहाचाकी गाडीचे पासिंग, म्हणजे मालासह मंजूर वजन, २०१८ च्या जुलैपासून अठ्ठावीस टन पाचशे किलो आहे, आणि चिठ्ठीवर साडेएकतीस उमटले असेल तर पुढचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमाने मूळ दंड वीस हजार आणि जादा टनामागे दोन हजार. म्हणजे सव्वीस हजार रुपये, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च, आणि तो उतरेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. तो मालकाला फोन लावतो. "मालक, तीन टन जास्ती हाय." पलीकडून उत्तर येते, "निघ तू, बघतो मी." या दोन वाक्यांत धर्मशास्त्राचा एक संपूर्ण प्रश्न सामावलेला आहे.

आपस्तंबाने आपल्या धर्मसूत्रात कर्माच्या फळाचे तीन भागीदार सांगितले आहेत: कर्म करविणारा, त्याला अनुमती देणारा आणि प्रत्यक्ष करणारा. आश्चर्याची व समाधानाची गोष्ट ही, की आजचा कायदाही ठीक याच मार्गाने गेला आहे; १९४ वे कलम केवळ गाडी हाकणाऱ्याला नव्हे, तर ती तशी हाकविणाऱ्याला आणि हाकू देणाऱ्यालाही दंडास पात्र ठरविते, आणि ११३ व्या कलमाचे चौथे पोटकलम तर असे सांगते, की चालक हा मालक नसेल तेव्हा मर्यादेपेक्षा अधिक वजनाचा अपराध मालकाच्या माहितीने किंवा हुकुमाने घडला असे न्यायालयाला गृहीत धरता येईल. मनूनेही गाडीच्या अपघाताचा विचार करताना सारथ्याच्या अकौशल्याने इजा झाल्यास दोनशे पणांचा दंड स्वामीवर ठेवला, कारण अकुशल माणूस नेमणे हा स्वामीचा दोष. सारथी कुशल असेल तर मात्र दंड सारथ्याचा. आणि जोखड मोडले, आस तुटला, चाक मोडले, लगाम तुटला, किंवा सारथ्याने बाजूला व्हा म्हणून ओरडून सांगितले असताही अनर्थ घडला, अशा दहा प्रसंगी दंड नाही असे स्पष्ट सांगितले. वर्ण पाहून दंड कमीअधिक करणाऱ्या त्या ग्रंथाची ती बाजू त्याज्यच आहे. परंतु दंड ठरविण्यापूर्वी दोष कोणाचा हे पाहिले पाहिजे, हा त्यातील विवेक आजही आपल्या उपयोगाचा आहे.

असे असता, चालकापुढे चलन चुकविण्याचा जो मार्ग रस्त्यावर सर्वाधिक रूढ आहे, म्हणजे पावतीवाचून हातावर काही टेकवून पुढे सरकणे, तो मला सर्वांत हानिकारक वाटतो. त्यात दंड टळतो, दोष टळत नाही. ब्रेक त्या तीन टनांसह उताराला लागतोच, आणि मालकाचा हुकूम कोणत्याही कागदावर येत नाही. खरे टाळणे काट्यावरच व्हावयास हवे: जादा माल उतरवून घेणे, आणि मालक ऐकत नसेल तर निदान चिठ्ठीचे छायाचित्र व मालकाचा लेखी संदेश जपून ठेवणे. लेखी हुकूम मागितला की बहुतेक हुकूम मवाळ होतात. नकार देणाऱ्याची नोकरी जाऊ शकते, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच एकट्या चालकाच्या धैर्यावर सारा भार टाकणे मला अन्यायाचे वाटते. हे काम चालकांच्या संघटनेने अंगावर घेतले पाहिजे.

परंतु अपराध घडलाच नसेल, तर दाद मागण्यात संकोच कसला? केंद्र सरकारने २०२१ च्या ऑगस्टात केलेल्या नियमांनुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या अपराधाची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी लागते, आणि तिच्यात छायाचित्र, स्थळ, तारीख व वेळ असावी लागते. गाडी त्या वेळी दुसरीकडे होती असे बिल्टी, टोलची नोंद किंवा काटाचिठ्ठी दाखवीत असेल, तर तो पुरावा आहे. कागदपत्रे डिजिलॉकरमधून दाखविली तरी ती ग्राह्य धरावी लागतात. २०२५ च्या जुलैत राज्यातील वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप केला. त्या संतापातील न्याय्य भाग हाच होता, की आधी दंड आणि मग विचारपूस हा क्रम उलटा आहे.

लोकअदालतीविषयी मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. तेथे तडजोड होते आणि रक्कम कमी होऊन प्रकरण संपतेही. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि तडजोडीत दोष कोणाचा हे कोणी ठरवीत नाही. ज्याला केवळ ओझे हलके करावयाचे आहे त्याने तेथे जावे. ज्याला आपण अदंड्य आहोत असे न्यायाधीशाच्या तोंडून ऐकावयाचे आहे, किंवा हुकूम मालकाचा होता हे दप्तरी नोंदवावयाचे आहे, त्याने गुन्हा कबूल न करता न्यायदंडाधिकाऱ्यापुढची तारीख घ्यावी, आणि त्या तारखेला काट्याची चिठ्ठी व मालकाचा संदेश बरोबर न्यावा.