खंडेनवमीचा नारळ आणि अन्यव्यावृत्ती

श्रीपंचकृष्णांच्या चरणी दंडवत करून, गेली तीन वर्षे मनात घोळत असलेला एक प्रश्न सद्भक्त वाचकांपुढे मांडीत आहे. प्रश्न नवा नाही. सूत्रपाठातील अन्यव्यावृत्ती प्रकरणाचे अध्ययन ज्याने केले, त्याच्यापुढे तो एकदा तरी उभा राहिलाच असेल. परंतु पोथीसमोर बसून सोडविलेला प्रश्न आणि कारखान्याच्या दारात उभा राहिलेला प्रश्न यांत पुष्कळ अंतर असते. ते मला भोसरीत उमगले.

पुण्याच्या वायव्येचा हा मुलूख दोन पिढ्यांपूर्वी शेतीचा होता. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि त्यानंतर जमिनींचे संपादन होत होत पवनेपासून इंद्रायणीपर्यंत कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले चाकणही मोटारींचे गाव बनले. येथे पोटासाठी आलेले लोक बहुतांशी मराठवाडा, विदर्भ व खानदेश या भागांतील आहेत. आपल्या पंथाचा विस्तारही त्याच भागांत अधिक असल्याने वासनिकांची अनेक कुटुंबे या वस्त्यांतून राहतात. अशाच एका कुटुंबाकडे आश्विनात माझा काही दिवस मुक्काम होता.

घरचे यजमान वयाने पन्नाशीच्या पुढचे, पत्रा दाबून मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात फोरमन. स्मरणाचा नेम कडक, घरात मद्यमांसाचा स्पर्श नाही. खंडेनवमीच्या आदल्या रात्री ते म्हणाले, "बाबा, उद्या यंत्रांची पूजा. सगळ्यांत जुना माणूस मी, म्हणून नारळ मीच फोडावा असा पोरांचा हट्ट आहे. काय करू?"

मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "फोडू नका. ज्याने परमेश्वराचा आश्रय केला त्याने अन्य देवतेपुढे हात पसरू नये." त्यांनी आज्ञा शिरसावंद्य मानली. दुसऱ्या दिवशी ते बाजूस उभे राहिले व नारळ दुसऱ्याने फोडला.

पुढे दोन महिन्यांनी त्या कारखान्यात एका तरुण कामगाराची दोन बोटे प्रेसखाली सापडून तुटली. लोक बोलू लागले, "काकांनी नारळ नाकारला, म्हणून हे झाले." हे ऐकून मी त्यांना भेटावयास गेलो. देवतेच्या कोपाच्या कल्पनेने त्यांचे चित्त विचलित झाले असेल, अशी माझी समजूत. समजुतीच्या चार गोष्टी मनाशी जुळवूनच गेलो होतो. त्यांनी मात्र मला निराळेच सांगितले.

"बाबा, नारळ न फोडल्याचे मला काही वाटत नाही. त्या प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे हात आत राहात नाहीत. माल लवकर निघावा म्हणून एक बटण दाबून तारेने बांधून ठेवले होते. सगळ्यांना दिसत होते. मलाही दिसत होते. मी बोललो नाही. आणि आता रोज स्मरणाला बसलो की मनात येते, देवा, पुन्हा असे होऊ देऊ नको. बाबा, हा नवसच नाही का?"

मी निरुत्तर झालो. त्या रात्री त्यांनी मला हाताविषयी विचारले होते आणि मी हातापुरतेच उत्तर दिले होते. त्यांचे काम कोणते, तेथे कोणाच्या जिवास धोका आहे, याची मी विचारपूससुद्धा केली नव्हती. शास्त्राचे उत्तर बरोबर होते, परंतु ते देणाऱ्याने माणूस पाहिला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ निरूपिले. आपला मार्ग देवतांचे अस्तित्व नाकारीत नाही, हे पुष्कळ जणांस ठाऊक नसते. देवता आहेत, त्यांस सामर्थ्य आहे, त्या आपापल्या योग्यतेनुसार फळही देतात. एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा अशी त्यांची गणना आपल्या परंपरेत केली जाते. परंतु त्यांचे फळ नाशवंत असते, आणि त्या स्वतः नित्यबद्ध आहेत. जो स्वतः बांधलेला आहे, तो दुसऱ्याची गाठ कशी सोडवणार? म्हणून आपण देवतांची उपासना करीत नाही. एखादा बुद्धिवादी दगडाला दगड म्हणून नमस्कार टाळतो. आपले कारण निराळे आहे. आपला प्रश्न देवता आहे की नाही हा नसून, तिच्याशी कोणत्या नात्याने उभे राहावे हा आहे.

हे नाते बहुधा देवघेवीचे असते. मी नारळ देतो, तू अपघात टाळ. मी बोकड देतो, तू पीक दे. या व्यवहारात भय आहे आणि लोभ आहे. आणखी एक गोष्ट आहे, जी मला त्या कारखान्याने शिकविली. देवतेकडे काम सोपविले की माणूस आपल्या कामातून मोकळा होतो. नारळ फुटला की बांधलेल्या बटणाकडे कोणी पाहात नाही. यंत्र हा प्रपंच, कामगार हा जीव. प्रपंचाला देवता करून हळदकुंकू लावले गेले आणि जीवाची बोटे गेली. चार पदार्थांचा विवेक सुटला म्हणजे काय होते, हे याहून स्पष्ट कोणती टीका दाखवील?

एवढे म्हटल्यावर कोणी उतावीळ साधक म्हणेल, मग या गावदेवांचा, या जत्रांचा धिक्कारच केला पाहिजे. येथे थांबावयास हवे. हिंजवडी आणि वाकड या गावांत चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचे बगाड निघते. आसपास संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती आणि मधून गुलालाने माखलेले हजारो लोक. भोसरीत भैरवनाथाचा उत्सव तसाच होतो. ज्यांच्या जमिनी रस्त्यांखाली व कारखान्यांखाली गेल्या, त्यांच्याजवळ गाव म्हणून जे उरले ते बव्हंशी हा देवच. त्याच्या निमित्ताने विखुरलेले भाऊबंद वर्षातून एकदा एका जागी येतात. यात केवळ अज्ञान पाहणे हेही एक अज्ञानच होय.

पाश्चात्त्य देशांतही असेच काहीसे घडत आहे. तिकडे जुन्या देवतांच्या उपासकांस 'पेगन' म्हणतात. ज्या लॅटिन शब्दापासून हा शब्द आला, त्याचा मूळ अर्थ खेड्यात राहणारा, गावकरी असा होता. पुढे ख्रिस्ती लेखकांनी तो तुच्छतेने वापरला. शतकानुशतके शिवी म्हणून चाललेले हे नाव आज तेथील कित्येक सुशिक्षित लोक स्वखुषीने धारण करतात. आइसलँड देशात जुन्या देवतांच्या अनुयायांनी १९७२ साली संघ स्थापला व १९७३ साली त्यास शासनाची मान्यता मिळाली. वृक्ष, नदी, ऋतू यांच्याविषयी पूज्यभाव बाळगावा, यंत्रयुगाने तुटलेले निसर्गाशी नाते जोडावे, अशी अनेकांची त्यामागील तळमळ असते. तळमळ खोटी नाही. परंतु गावकरी हा शब्द शिवी कसा झाला, हे आपणही ध्यानात ठेवावे. कारण तुच्छतेने कोणाचेही उद्धरण होत नाही.

आपल्याकडील देवतांचा अभ्यास किती आस्थेने झाला आहे पाहा. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीची गावे पायी हिंडले आणि शेंदूर फासलेल्या तांदळ्यांचे, माउल्यांचे निरीक्षण करून त्यांनी १९६२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या धनगरांच्या देवांवर आयुष्य वेचले. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९८९ साली निघाले. ते करणाऱ्या विदुषी ॲन फेल्डहाउस, म्हणजे ज्यांनी १९८३ साली आपल्या सूत्रपाठावरील ग्रंथ इंग्रजीत सिद्ध केला त्याच. एकच अभ्यासक सूत्रपाठही समजून घेते आणि बिरोबाही. आपण मात्र शेजाऱ्याच्या देवाचे नावही धड विचारीत नाही.

कोणी म्हणेल, अभ्यासकाची गोष्ट वेगळी, साधकाची वेगळी. मान्य आहे. मग साधकाने सर्वज्ञांचेच चरित्र पाहावे. लीळाचरित्रात सर्वज्ञांची बिढारे पुष्कळदा देवतांच्या देवळांतच आहेत. प्रतिष्ठानी भोगनारायणाच्या देवळात त्यांचे वास्तव्य घडले. ज्यांनी देवताभक्तीची व्यावृत्ती केली, त्यांनी देवळाची ओसरी वर्ज्य मानली नाही. आणि श्रीगोविंदप्रभू तर ऋद्धिपुरात मातंगांच्या घरीही जात. म्हणजे व्यावृत्ती ही भजनाची आहे, माणसांची नाही. मागणे थांबवावयाचे आहे, शेजार नव्हे.

हाच विचार नदीलाही लावून पाहावा. इंद्रायणीस माता म्हणून ओटी भरतात आणि त्याच इंद्रायणीवर आळंदीस पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसले आहेत. कारखान्यांचे व नगरांचे सांडपाणी नदीत जाते आणि घाटावर आरती होते. आपण नदीला देवता म्हणून भजत नाही. पण म्हणून आपण मोकळे झालो काय? आपल्या आचारात पाणी गाळून घ्यावयास सांगितले, ते पाण्यातील सूक्ष्म जीवासही पीडा होऊ नये म्हणून. जो एका तांब्यातील जीव जपतो, त्याने कारखान्याच्या नाल्यातून जाणाऱ्या विषाकडे डोळेझाक करावी, हे अहिंसेत कसे बसते? नदीला नमस्कार न करणाऱ्यावर नदीतील जीवांचे ऋण अधिकच आहे, कारण फुले वाहून ते फेडल्याचे समाधान त्याला उपलब्ध नाही.

आता यजमानांच्या त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. स्मरणात मागितले तो नवस झाला काय? माझे उत्तर, होय. आणि हा दोष नारळ फोडण्याहून सूक्ष्म असल्यामुळे अधिक घातक आहे. जो म्हातोबाला नवस बोलतो तो देवतेला देवता समजूनच बोलतो. परंतु आपण जेव्हा मुलाची नोकरी, घराचे हप्ते, खटल्याचा निकाल घेऊन परमेश्वरापुढे बसतो, तेव्हा आपण परमेश्वरालाच देवतेच्या आसनावर बसवितो. नाव परमेश्वराचे आणि व्यवहार देवतेचा! बाहेरून आपली अन्यव्यावृत्ती निर्दोष दिसते. आत मात्र अन्य देवतेचे भजन चाललेले असते. गेली कित्येक वर्षे वासनिकांच्या घरी जाताना मी त्यांच्या भिंतीवर कोणते चित्र आहे तेवढे पाहात आलो. ते स्मरणात काय मागतात, हे मी कधी विचारले नाही. स्वतःलाही फारसे विचारले नाही. प्रकृती बिघडलेली असताना माझ्याही स्मरणाला याचनेचा वास येतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

मग आर्त माणसाने काय करावे? दुःख परमेश्वरापुढे उघडे करण्यास बंदी नाही. जीवाने आपले असामर्थ्य जाणावे, आपला दोष स्मरून अनुताप करावा, हे तर आचारच आहे. पण जे कर्म आपल्या हातात आहे ते परमेश्वरावर टाकणे हा अनुताप नव्हे. मी यजमानांस म्हटले, "दोष स्मरणात आणा. मागणे मात्र स्मरणात आणू नका, ते मालकाकडे घेऊन जा. बटण सोडविणे हे परमेश्वराचे काम नाही, तुमचे आहे." आणखी एक गोष्ट सांगितली. ज्या मुलाची बोटे गेली, त्याच्याजवळ कर्मफलाचे निरूपण करू नका. सिद्धान्त खरा असला तरी आपली चूक झाकण्यासाठी तो उच्चारणे ही हिंसा आहे.

ते मालकाकडे गेले. पहिल्या दिवशी बोलणी ऐकून परत आले. पुन्हा गेले. शेवटी सर्व प्रेसच्या तारा निघाल्या. मालाचा आकडा काही काळ उतरला आणि त्याबद्दल त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. पुढच्या खंडेनवमीस त्यांनी सकाळी लवकर जाऊन यंत्रे स्वच्छ केली, तेलपाणी केले, आणि नव्या पोरांना जवळ उभे करून प्रत्येक प्रेसची दोन्ही बटणे तपासून दाखविली. नंतर पूजा झाली. नारळ दुसऱ्याने फोडला. खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला गेला, तेव्हा त्यांनी तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. शेजारच्या मुलाच्या हातात दिला. हे योग्य झाले की नाही, असे त्यांनी मला विचारले. काही आचार्य म्हणतील, हातातही घ्यावयास नको होता. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. परंतु देवतेच्या नैवेद्यास नकार देताना देणाऱ्या माणसास नकार मिळू नये, एवढी काळजी त्यांनी घेतली, आणि ती मला आचाराच्या विरुद्ध वाटत नाही.

दोन बोटे गेलेला तो मुलगा आता त्याच कारखान्यात माल मोजण्याचे काम करतो. त्याच्या गावी मरीआईला नवस फेडावयाचा राहिला होता म्हणून असे झाले, अशी त्याच्या आईची अद्याप समजूत आहे. यजमान त्या माउलीशी वाद घालीत नाहीत. महिन्याकाठी तिच्या घरी जाऊन बसतात, आपले मौन चुकले होते हे तिला सांगतात. ती ऐकून घेते. तिचा देव त्यांनी काढून घेतला नाही, आणि आपला दोष त्यांनी तिच्या देवावर टाकला नाही.

वाचकहो, उद्या स्मरणास बसाल तेव्हा आपण काय मागतो आहोत एवढे एकदा तपासून पाहा. मीही पाहीन. सर्वांस दंडवत प्रणाम.