मूल कोणाचें?

अमेरिकेंतील मेरीलँड राज्याच्या मॉन्टगोमेरी परगण्यांत सरकारी प्राथमिक शाळांनीं २०२२ सालीं कांहीं गोष्टींचीं पुस्तकें लावलीं. एकींत दोन पुरुषांचें लग्न होतें. दुसरींत, लोक ज्याला मुलगी समजत, तें मूल स्वतःला मुलगा म्हणवी. आरंभीं आईबापांस पूर्वसूचना मिळे व मुलास त्या पाठाला न बसविण्याची मुभा असे. मार्च २०२३ मध्यें ती काढून घेण्यांत आली. तेव्हां मुसलमान, कॅथॉलिक व ऑर्थोडॉक्स आईबापांनीं दाद मागितली. खालच्या न्यायालयांनीं मनाई हुकूम नाकारला. परंतु २७ जून २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, घटनेंतील धर्मस्वातंत्र्याच्या आधारें, खटला चालू असेपर्यंत सूचना व मुभा दिली पाहिजे असें सहा विरुद्ध तीन मतांनीं ठरविलें. पुस्तकें काढून टाकण्याचा हुकूम मात्र झाला नाहीं. उरलेल्या तिघां न्यायाधीशांचें म्हणणें असें कीं, निराळी गोष्ट नुसती कानांवर पडल्यानें धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाहीं.

तर मग मूल कोणाचें? आईबापांचें कीं सरकारचें? ख्रिस्ती मनुष्याचें उत्तर हें कीं, मूल देवाचें आहे आणि आईबाप त्याचे कारभारी आहेत. कारभाऱ्यास अधिकार असतो, म्हणून त्याला न विचारतां सरकारनें मुलाच्या विश्वासांत हात घालूं नये. पण कारभारी मालक नव्हे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं स्वतःच्या आईबापांची मर्जी मोडून ख्रिस्ताचा स्वीकार केला. तेव्हां बापाचा शब्द हाच अखेरचा, असें आपण तरी कसें म्हणावें?

शिवाय आपलें माप सर्वांस एकच असावें. भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणें, सरकारी मान्यता अथवा मदत असलेल्या शाळेंत अज्ञान मुलास पालकाच्या संमतीवांचून धर्मशिक्षणास बसवितां येत नाहीं. मेरीलँडच्या आईबापांची बाजू ज्यास न्याय्य वाटते, त्यानें आपल्या शाळेंतील हिंदु बापाची तीच मागणी आनंदानें मान्य करावी.

बंधुभगिनींनो, मुलाला पाठांतून उठविलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें नाहीं. ज्याच्या घरची स्थिति त्या गोष्टींत आहे, असें एखादें मूल त्याच वर्गांत बसलेलें असेल. आपलें मूल परत येऊन त्याला हिणवूं लागलें, तर न्यायालयांत जें जिंकलें तें आपण घरींच हरलों. मुभा कायदा देईल. शेजाऱ्यावर प्रीति करण्यास शिकविणें हें काम मात्र आईबापांनींच केलें पाहिजे.